मेंढा विकायचा नाही, भाड्यानं द्यायचा! कळप सुधारायचं गणित मांडणारा रॉबर्ट बेकवेल

कळपासाठी मेंढा निवडायचा तर आपण काय बघतो? उंची, अंग, शिंगं. अडीचशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका शेतकऱ्यानं मात्र वेगळा हिशोब धरला. मेंढा कसा आहे ते त्याची कोकरं सांगतात.

हा गडी म्हणजे रॉबर्ट बेकवेल. जन्म 1725 चा, लिस्टरशायरमधल्या डिशली गावचा. तरुणपणी गावोगाव फिरून त्यानं लोकांची जनावरं पाहिली आणि 1760 मध्ये वडिलांची शेती हातात घेतली.

तेव्हा नर-माद्या एकत्रच चरायच्या. कुठलं कोकरू कुठल्या मेंढ्याचं, पत्ता नसायचा. बेकवेलनं नर वेगळे बांधले आणि ठरवून सोडायला सुरुवात केली. ध्येय एकच, कमी चाऱ्यात लवकर भरणारी, मटण जास्त देणारी मेंढी. पसंत पडलेल्या जनावरांचा त्यानं जवळच्या नात्यातच संकर केला, म्हणजे हवे ते गुण पक्के होतील.

खरी करामत पुढं आहे. मेंढे विकण्याऐवजी तो हंगामापुरते भाड्यानं द्यायचा. वेगवेगळ्या कळपांत त्यांची कोकरं कशी निघतात ते बघायचा आणि सरस ठरलेला मेंढा परत आपल्या कळपात वापरायचा. सुरुवातीला काही शिलिंगांवर जाणाऱ्या मेंढ्यांचं भाडं पुढं शेकडो गिनींवर पोचलं. मध्येच, 1776 मध्ये त्याचं दिवाळंही निघालं, पण गडी पुन्हा उभा राहिला. 1795 मध्ये तो वारला. पुढं डार्विननंही निवडीची ताकद सांगताना त्याचा दाखला दिला.

पण त्याच्या मेंढ्यांत खोटही होती. चरबी फार आणि कोकरं कमी. एकाच गुणामागं धावलं की दुसरा सुटतो.

आपल्याकडं हे गणित फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं दुसऱ्या टोकाकडून मांडलं. दख्खनी मेंढी काटक, पण बहुतेकदा एकच कोकरू देते. बंगालच्या सुंदरबन भागातल्या छोट्या गरोळ मेंढीत जुळ्यांचं जनुक आहे. संकर करून ते जनुक दख्खनीत आणलं, पण अंगकाठी दख्खनीचीच राहील अशी पुढची निवड केली. त्यातून आली 'सुवर्णा'.

तुमच्या कळपासाठी यातून काय घ्यायचं?

आधी ध्येय ठरवा. आहुप्यासारख्या धो धो पावसाच्या घाटमाथ्यावर टिकणारं जनावर आणि इंदापूरच्या कोरड्या माळावर टिकणारं जनावर एकच असेल असं नाही. जुळी हवी असतील तर आईला तेवढा चारा आणि दूध आहे का, ते आधी बघा.

कोकरांच्या नोंदी ठेवा. आणि मेंढ्याच्या लेकी माजावर यायच्या आत तो बदला, नाहीतर बाप-लेकीच्या संकरातून अशक्त कोकरं वाढतात. बेकवेल कडक छाटणी करून ते निभावायचा. पन्नास मेंढ्यांवर घर चालवणाऱ्याला ती चैन परवडत नाही.

शेजारच्या गावच्या मेंढपाळाशी मेंढ्याची अदलाबदल मात्र परवडते.