लहुजी राघोजी साळवे

लहुजी राघोजी साळवे ऊर्फ लहुजी वस्ताद (१४ नोव्हेंबर १७९४ – १७ फेब्रुवारी १८८१) हे एकोणिसाव्या शतकातील पुण्याचे मल्ल, शस्त्रविद्येचे शिक्षक आणि समाजसुधारणेचे पाठीराखे होते. त्यांना आद्य क्रांतिगुरू असेही म्हटले जाते.

जीवन

लहुजींचा जन्म पुरंदर किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या पेठ या गावी मातंग समाजात झाला. घराण्यात शस्त्रविद्येची परंपरा होती आणि वडील राघोजी हेच त्यांचे पहिले गुरू होते. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशवे आणि इंग्रज यांच्यात खडकीची लढाई झाली. या लढाईत राघोजी धारातीर्थी पडले, असे परंपरा सांगते. पुढील वर्षी पेशवाईचा अस्त झाला.

तालीम

लहुजींनी पुण्यात तालीम सुरू केली. गंज पेठेतील त्यांची तालीम आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. तेथे कुस्तीबरोबरच दांडपट्टा, लाठी आणि नेमबाजी शिकवली जात असे. मातंगांना अस्पृश्य मानले जात असलेल्या काळात वरच्या जातींतील तरुणही त्यांच्याकडे शिष्य म्हणून येत. तालमीत मान जन्मावरून नव्हे, तर कसब आणि मेहनत यांवरून ठरे. वस्ताद ही पदवी लहुजींना या अधिकारामुळेच मिळाली.

शिष्य

जोतीराव फुले यांनी लहुजींकडे दांडपट्टा आणि गोळीचा नेम धरण्याचे शिक्षण घेतले. त्याचा उल्लेख त्यांनी गुलामगिरी (१८७३) या ग्रंथात केला आहे. इंग्रजी सत्ता उलथून टाकण्याच्या विचाराने ते या विद्येकडे वळले होते. पुढे तो विचार मागे पडला आणि त्यांनी शिक्षणप्रसाराचे कार्य हाती घेतले. वासुदेव बळवंत फडके यांनीही लहुजींच्या तालमीत शिक्षण घेतले. त्यांनी मात्र १८७९ मध्ये सशस्त्र उठाव केला. एकाच वस्तादाच्या या दोन शिष्यांचे मार्ग भिन्न होते. तथापि प्रस्थापित सत्तेला सामोरे जाण्याचे धैर्य दोघांतही दिसून येते.

शिक्षणकार्यास साहाय्य

फुले दांपत्याने १८४८ पासून सुरू केलेल्या शाळांना तीव्र विरोध झाला. या काळात लहुजी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. अस्पृश्य वस्त्यांतील मुलांना शाळेत आणण्यासाठी त्यांनी पालकांचे मन वळवले. त्यांच्या कुटुंबातील मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेत शिकल्या. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा मुक्ता यांचा निबंध १८५५ मध्ये ज्ञानोदय या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

स्मृती

लहुजींची समाधी पुण्यात संगमवाडी येथे आहे. मातंग समाजाच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी महाराष्ट्र शासनाने २००३ मध्ये नेमलेल्या आयोगाला त्यांचे नाव देण्यात आले.