जावजी दादाजी चौधरी

जावजी दादाजी चौधरी (१८३९ – ५ एप्रिल, १८९२) हे मुंबईतील निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक, देवनागरी टाइपांचे निर्माते व ग्रंथप्रकाशक होते. मराठी वाचक त्यांना मुख्यतः मुद्रक म्हणून ओळखतो. परंतु छपाईकडे ते आले ते धातू ओतण्याच्या धंद्यातून. छापखाना काढण्यापूर्वी पाच वर्षे त्यांनी स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना चालविला होता, आणि निर्णयसागरच्या पुस्तकांचा लौकिक बऱ्याच अंशी या कारखान्यावर उभा राहिला.

बालपण आणि उमेदवारी

जावजींचा जन्म मुंबईत एका गरीब मराठा कुटुंबात झाला. शालेय शिक्षण बेताचेच झाले. वयाच्या दहाव्या वर्षी ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात दरमहा २ रुपये पगारावर टाइप घासण्याच्या कामाला लागले.

अमेरिकन मिशनचा छापखाना हा त्या काळी मुंबईतील देवनागरी मुद्रणाचा प्रमुख आधार होता. तेथील टॉमस ग्रॅहॅम हे देवनागरी अक्षरांचे ठसे कोरण्यात निष्णात होते. त्यांच्या देखरेखीखाली जावजींना या विद्येची पहिली ओळख झाली. टाइप घासणे हे ओतशाळेतील सर्वांत खालच्या पायरीचे काम. साच्यातून निघालेल्या खिळ्याच्या बाजूंवर धातूची बारीक कड राहते. ती दगडावर घासून काढल्याशिवाय खिळे एकमेकांना चिकटून सरळ ओळीत बसत नाहीत. कंटाळवाणे आणि शिशाच्या धुळीत हात माखविणारे हे काम लहान मुलांकडे सोपविले जाई. मात्र हजारो खिळे बोटांखालून गेलेल्या मुलाला चांगले ओतकाम व वाईट ओतकाम यांतला फरक कोणी शिकवावा लागत नाही.

पुढे त्यांनी टाइम्स ऑफ इंडिया व इंदुप्रकाश यांच्या छापखान्यांत नोकरी केली.

खिळा ओतण्याचे तंत्र

जावजींच्या कामाचे मोल कळण्यासाठी त्या काळी खिळा कसा तयार होई हे समजून घेणे आवश्यक आहे. प्रथम पोलादी कांडीच्या टोकावर अक्षर उलटे कोरीत. हा ठसा तांब्याच्या तुकड्यावर ठोकला की तांब्यात अक्षराची खोलगट आकृती उमटे. ही मातृका हातात धरण्याच्या साच्याच्या तळाशी बसवून वरून पळीने वितळलेला धातू ओतीत व त्याच क्षणी साच्याला झटका देत, म्हणजे धातू अक्षराच्या कानाकोपऱ्यांत शिरे. या रीतीने कुशल ओतारी दिवसाला तीन-चार हजार खिळे ओतू शके.

टाइपाचा धातू नुसत्या शिशाचा नसतो. बंदुकीच्या जुन्या गोळ्या मऊ शिशाच्या ओतल्या जात आणि त्यांत थोडाफार ओबडधोबडपणा चालून जाई. खिळ्याला तो चालत नाही, कारण छापयंत्राच्या दाबाखाली मऊ शिशाचे अक्षर लवकरच बसते. म्हणून शिशात अँटिमनी व कथील मिसळतात. अँटिमनीमुळे धातू कठीण होतो आणि गोठताना फार थोडा आकसतो. कथिलामुळे तो पातळ वाहतो व बारीक रेघा नीट भरून निघतात. शिशाचे प्रमाण साधारणपणे ५५ ते ८५ टक्के असते. शुद्ध शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. योग्य प्रमाणातील मिश्रण २४० अंशांच्या आसपासच वितळू लागते. तथापि ते व्यवस्थित ओतले जाण्यासाठी त्याहून बरेच तापवावे लागते.

ओतशाळेचे यशापयश भट्टीवर ठरते ते याच ठिकाणी. भट्टी मोठी असण्यापेक्षा तिचा ताव स्थिर राहणे अधिक महत्त्वाचे. ताव कमी पडला तर धातू साच्यात पोहोचण्यापूर्वीच गोठू लागतो व अक्षराची टोके अपुरी राहतात. ताव वाढला तर कथील व अँटिमनी जळून वर मळी येते, खिळ्याच्या पोटात पोकळ्या राहतात आणि दाब पडताच तो खचतो. धातूसाठी लोखंडाचे भांडे वापरतात. त्यात धातू इतका असावा लागतो, की पळीमागून पळी उपसली तरी तपमान पडू नये. भांड्यात ओलसर तुकडा पडला तर पाण्याची एकदम वाफ होऊन तप्त धातू उसळतो. चुकून जस्त मिसळले तर सारा घाणा बिघडतो. झिजलेले खिळे पुन्हा वितळविता येतात. पण प्रत्येक खेपेस थोडे कथील मळीत जाते आणि ते भरून काढावे लागते. त्या काळच्या ओताऱ्याला हे सर्व धातूचा रंग, मळीची साय आणि पळीतला प्रवाह यांवरूनच ओळखावे लागे.

देवनागरीच्या बाबतीत अडचण आणखी वाढते. रोमन लिपीचे काम शे-दीडशे प्रकारच्या खिळ्यांवर भागते; देवनागरीला जोडाक्षरे, काना-मात्रा, वेलांट्या, उकार व रफार धरून कित्येकशे प्रकार लागतात. यांतील प्रत्येकाची उंची, सुमारे ०.९१८ इंच, तंतोतंत सारखी असावी लागते. एखादा खिळा केसभर उंच राहिला तर कागदात रुततो, ठेंगणा राहिला तर उमटतच नाही. शिरोरेघ तर शेजारच्या खिळ्याशी जुळलीच पाहिजे. नाहीतर शब्द तुटक दिसतो.

टाइप फाउंड्री

१८६४ मध्ये जावजींनी स्वतःची लहानशी टाइप फाउंड्री सुरू केली. हा निर्णय धाडसाचा होता. भांडवल तुटपुंजे होते आणि देवनागरीचा एक संपूर्ण संच तयार करणे म्हणजे एकही खिळा विकण्यापूर्वी शेकडो ठसे व मातृका घडवून ठेवणे. संच अपुरा राहिला तर छापखान्यांना तो निरुपयोगी.

या कामी त्यांना लाभलेले सर्वांत मोठे साहाय्य त्यांचे मित्र राणोजी रावजी आरू यांचे. ठसे कोरण्यात आरू यांचा हात विलक्षण होता. निर्णयसागरच्या वळणदार अक्षरांचे श्रेय प्रथम त्यांना द्यावे लागते. जावजींचे नाव ग्रंथांवर छापले गेले, म्हणून ते सर्वतोमुखी झाले. आरू यांचे कौशल्य मात्र अक्षरांतच राहिले व सामान्य वाचकाला त्यांचे नावही फारसे ठाऊक नाही.

निर्णयसागर छापखाना

१८६९ मध्ये जावजींनी निर्णयसागर छापखाना काढला. ओतशाळा घरचीच असल्यामुळे झिजलेला टाइप भट्टीत टाकून नवा ओतून घेणे त्यांना शक्य होते. जो छापखाना टाइप विकत घेई, त्याला खर्चापायी जुनाच टाइप शक्य तितका काळ वापरावा लागे आणि पुस्तके पुसट निघत. संस्कृत ग्रंथांत दुर्मीळ जोडाक्षरे वारंवार येतात. ती संचात नसतील तर हलन्त चिन्हावर वेळ मारून नेण्याऐवजी नवा ठसा कोरून घेता येई.

विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये सुरू केलेले बालबोध हे मुलांचे मासिक निर्णयसागरमध्ये छापले जाई. जुन्या मराठी कवितेसाठी काव्यसंग्रह ही माला निघाली. तिचे संपादन वामन दाजी ओक यांनी केले. परंतु जावजींचे नाव देशाबाहेर पोहोचले ते संस्कृत ग्रंथांमुळे. १८८६ मध्ये काव्यमाला सुरू झाली. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद व काशिनाथ पांडुरंग परब हे तिचे संपादक होते. हस्तलिखितांत पडून राहिलेली अनेक काव्ये, नाटके व अलंकारग्रंथ या मालेतून प्रथमच छापून निघाले. याच दोघांनी संपादिलेला कथासरित्सागर १८८९ मध्ये प्रसिद्ध झाला. परब यांचे सुभाषितरत्नभांडागारही निर्णयसागरचेच. शुद्ध पाठ, स्वच्छ छपाई व माफक किंमत यांमुळे या आवृत्त्या पाठशाळांत आणि युरोपातील विद्यापीठांत सारख्याच वापरल्या गेल्या. ज्यांनी स्वतः फारसे शालेय शिक्षण घेतले नव्हते, त्यांच्या घरी पंडितांचा राबता सुरू झाला. हा योग केवळ नशिबाचा म्हणता येणार नाही. पंडितांना हवे ते अक्षर हव्या त्या रूपात देणारा मुद्रक त्यांना दुसरीकडे सहज मिळाला नसता.

मृत्यू व उत्तरकाल

५ एप्रिल, १८९२ रोजी जावजींचे निधन झाले. त्यांच्यामागे त्यांचे पुत्र तुकाराम जावजी यांनी छापखाना, प्रकाशन व टाइप फाउंड्री ही तिन्ही कामे पुढे चालविली आणि काव्यमालेतील ग्रंथ निघत राहिले. निर्णयसागरचे टाइप इतर छापखान्यांतही वापरले जात. विसाव्या शतकातील निर्णयसागरच्या ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर मुंबईच्या कोलभाट गल्लीचा पत्ता आढळतो.