लुई पाश्चर : हवेची परीक्षा घेणारा शास्त्रज्ञ



२८ सप्टेंबर हा लुई पाश्चर यांचा स्मृतिदिन. हाच दिवस जागतिक रेबीज दिन म्हणूनही पाळतात. परिपाठात आपण त्यांचं नाव घेतो ते कुत्रा चावल्यावरच्या लसीसाठी, नाहीतर दूध टिकवण्याच्या पद्धतीसाठी. पण त्यांचं आणखी एक मोठं काम मुलांपर्यंत फारसं पोहोचत नाही. वेगवेगळ्या ठिकाणची हवा त्यांनी चंबूत भरून तपासली. आज दवाखाना, शाळा, बसस्थानक अशा गर्दीच्या जागी हवेत आजाराचे विषाणू आहेत का, हे शोधता येतं. तो विचार समजायला पाश्चर यांच्या या प्रयोगांइतकी सोपी वाट नाही. म्हणून आजचा पाठ त्यांच्यावर.

बालपण आणि शिक्षण

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्समधील दोल या गावी झाला. वडील नेपोलियनच्या सैन्यात होते. नंतर त्यांनी कातडी कमावण्याचा धंदा धरला. घरची स्थिती साधारणच. लुईचं बालपण आर्ब्वा या छोट्या गावात गेलं. शाळेत तो फार हुशार म्हणून ओळखला जात नव्हता, पण चित्रं मात्र छान काढायचा. आई-वडिलांची त्याने काढलेली चित्रं आजही जपून ठेवलेली आहेत. तो आठ-नऊ वर्षांचा असताना परिसरात एका पिसाळलेल्या लांडग्याने माणसांना चावे घेतले. तेव्हा त्यावर उपाय एकच, लोहाराकडे जाऊन जखमेवर तापलेल्या लोखंडाचा डाग घेणे.

सोळाव्या वर्षी लुईला शिकायला पॅरिसला पाठवलं. तिथे त्याचं मन रमेना, घरची आठवण येई. शेवटी वडील जाऊन त्याला परत घेऊन आले. ज्या पालकांची मुलं वसतिगृहातून रडत परत येतात, त्यांनी हे लक्षात ठेवावं. हाच मुलगा पुढे पुन्हा पॅरिसला गेला आणि १८४३ मध्ये तिथल्या नामांकित शिक्षणसंस्थेत दाखल झाला. १८४८ मध्ये स्फटिकांवरच्या संशोधनाने त्याचं नाव झालं.

१८४९ मध्ये मारी लोरां यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांच्या कामात मारी आयुष्यभर सोबत राहिल्या. या दांपत्याला पाच मुलं झाली, त्यातल्या तीन मुली लहानपणीच गेल्या. थोरली जान १८५९ मध्ये विषमज्वराने वारली. १८६५ मध्ये दोन वर्षांची कामी गेली आणि पुढच्याच वर्षी सेसिल, तीही विषमज्वराने. आजार कुठून येतो, हा प्रश्न त्यांच्या घरात अशा रीतीने शिरलेला होता.

वाद काय होता?

त्या काळी पुष्कळ विद्वान मानत की सूक्ष्म जीव आपोआप तयार होतात. उकळलेलं सूप उघडं ठेवलं की नासतं, म्हणजे त्यातच जीव निर्माण झाले असं ते म्हणत. रूआँ शहरातले पूशे हे मोठे निसर्गशास्त्रज्ञ या मताचे होते. पाश्चर यांना वाटत होतं की जीव हवेतल्या धुळीबरोबर बाहेरून येतात. त्यावर पूशे गटाचा सवाल असा, की हवेत इतके जीव असतील तर हवा धुक्यासारखी दाट का दिसत नाही?

पाश्चर यांनी आधी रस्त्याकडची हवा नळीने ओढून कापसाच्या बोळ्यातून जाऊ दिली. कापूस साधा नव्हता, अल्कोहोल आणि ईथरच्या मिश्रणात विरघळेल असा बनवलेला होता. काही वेळाने बोळा काळवंडला. तो विरघळवून खाली बसलेली धूळ त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. तीत बुरशीच्या बीजाणूंसारखे गोल कण दिसले. कापूस पिकवणाऱ्या आपल्या भागातल्या मुलांना हा प्रयोग सांगितला की त्यांचे डोळे चमकतात.

चंबू घेऊन डोंगरावर

पण कण दिसले म्हणजे ते जिवंतच आहेत असं सिद्ध होत नाही. म्हणून १८६० मध्ये पुढचा प्रयोग केला. चंबूत यीस्टचं पाणी घेऊन उकळायचं. वाफेने आतली हवा निघून गेली की चंबूचं टोक ज्योतीवर वितळवून बंद करायचं. मग ठरलेल्या जागी टोक मोडायचं. तिथली हवा आत शिरली की टोक पुन्हा वितळवून बंद करायचं आणि काही दिवस वाट पाहायची. पाणी गढूळ झालं किंवा बुरशी आली, तर त्या हवेतून जिवंत बीज आत गेलं.

हिमनदीवर पहिल्या दिवशी मोठी अडचण आली. बर्फावर ऊन इतकं लख्ख होतं की दिव्याची ज्योतच दिसेना, चंबू बंद करता येईनात. उघडे चंबू रात्री सरायच्या खोलीत ठेवावे लागले आणि त्यातले बहुतेक नासले. दुसऱ्या दिवशी दिवा सुधारून त्यांनी नवे वीस चंबू उघडले. सगळ्या ठिकाणचा हिशोब असा आला :

• पॅरिस वेधशाळेच्या अंगणात : ११ पैकी ११ चंबू नासले
• त्याच वेधशाळेच्या शांत तळघरात : १० पैकी १
• आर्ब्वाजवळ डोंगराच्या पायथ्याशी : २० पैकी ८
• सुमारे ८५० मीटर उंचीच्या डोंगरावर : २० पैकी ५
• आल्प्समधील हिमनदीवर : २० पैकी १

हे आकडे पाचवीच्या शेकडेवारीला वापरून पाहा. ४०, २५ आणि ५ टक्के अशी उतरंड मुलं स्वतः काढतात. सोनाळ्याच्या मुलांना पायथा आणि डोंगर वेगळा समजवायची गरज नाही, उत्तरेला सातपुडा रोज दिसतो. बाजाराच्या दिवशी रस्त्यावर चंबू उघडला तर काय होईल आणि अंबाबरव्याच्या जंगलात उघडला तर काय होईल, एवढं विचारा. वर्गात चर्चा आपोआप सुरू होते.

या आकड्यांमधून दोन गोष्टी कळतात. सगळीकडची हवा सारखी नसते. आणि जिथे माणसांची ये-जा असते, धूळ उडते, तिथे हवेतून जास्त काही येतं. पाश्चर यांनी हंसाच्या मानेसारखी वाकडी नळी असलेले चंबूही केले. त्यात हवा जायची, पण धूळ वळणात अडकायची आणि आतलं पाणी चांगलं राहायचं. या कामाबद्दल १८६२ मध्ये त्यांना विज्ञान अकादमीचं बक्षीस मिळालं.

पूशे यांनीही हार मानली नाही. १८६३ मध्ये ते साथीदारांसह पिरेनीज पर्वतात गेले आणि त्यांचे चंबू उंचावरही नासले. ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी वाळलेल्या गवताचं पाणी वापरलं होतं आणि गवतातले काही बीजाणू साध्या उकळण्याने मरत नाहीत. हे पुढे इतर शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं.

पुढचं आयुष्य

या कामाचा फायदा दवाखान्यांना झाला. इंग्रज शल्यवैद्य लिस्टर यांनी पाश्चर यांचं संशोधन वाचून १८६७ पासून जखमा जंतुनाशकाने स्वच्छ ठेवण्याची पद्धत मांडली. १८६८ मध्ये पाश्चर यांना पक्षाघात झाला, शरीराची डावी बाजू अधू झाली. तरी रेशमाच्या किड्यांच्या रोगावरचं काम त्यांनी पूर्ण केलं. १८८१ मध्ये मेंढ्यांना काळपुळीची लस देऊन सगळ्यांसमोर प्रयोग केला. ६ जुलै १८८५ रोजी पिसाळलेला कुत्रा चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरवर त्यांनी रेबीजच्या लसीचे उपचार सुरू करवले. मुलगा वाचला. १८८८ मध्ये पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूट उभी राहिली. २८ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांचं निधन झालं.

त्याच संस्थेत काम केलेले हाफकिन पुढे भारतात आले. मुंबईत प्लेग पसरला तेव्हा त्यांनी तिथेच प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने चालते.

पाश्चर यांच्या चंबूत न सापडणारं

रेबीजचं कारण पाश्चर यांना सूक्ष्मदर्शकात कधीच दिसलं नाही. तो विषाणू होता. विषाणू सूपात वाढत नाही, त्याला जिवंत पेशीच लागते. म्हणजे गोवर, फ्लू किंवा कोरोनाचा विषाणू हवेत असता तरी त्यांचा चंबू स्वच्छच राहिला असता.

आज त्यासाठी वेगळी रीत आहे. पंपाने खोलीतली शेकडो लिटर हवा गाळणीतून किंवा द्रवातून ओढतात आणि अडकलेल्या कणांत विषाणूचा जनुकीय अंश शोधतात. कोरोनाच्या काळात हैदराबादची सीसीएमबी आणि चंदीगडची इमटेक या संस्थांनी रुग्णालयांतली हवा अशी तपासली. कोरोनाच्या वॉर्डात विषाणू आढळला, इतर वॉर्डांत आढळला नाही. खोलीत रुग्ण जास्त असले की तो सापडण्याची शक्यताही वाढत होती. या तपासणीला मर्यादा आहे. अंश सापडला म्हणजे विषाणू जिवंत होताच असं नाही. पण ठिकाणाप्रमाणे हवा बदलते, ही पाश्चर यांची गोष्ट इथेही खरी ठरली.

आपल्या शाळेसाठी

असं यंत्र आपल्या शाळेत येणार नाही, आणि त्याची वाट पाहायचीही गरज नाही. कोरोनाच्या सुरुवातीला आपण हात धुण्यावर आणि बाकं पुसण्यावर सगळा भर दिला, खिडक्यांकडे उशिरा लक्ष गेलं. हात धुणं हवंच. पण थंडीत सगळी दारं-खिडक्या लावून तीस-चाळीस लेकरं एका खोलीत बसवली, तर एकाने सोडलेला श्वास दुसरा घेतो. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवा. झाडायच्या आधी पाणी शिंपडा. आणि पालकहो, लेकराला ताप असेल, अंगावर पुरळ असेल, तर हजेरी बुडेल म्हणून शाळेत पाठवू नका. आम्हा शिक्षकांनीही शंभर टक्के हजेरीसाठी त्याला बोलावू नये.

वर्गात एक कृती करता येईल, कुकरचं काम मात्र मोठ्यांनीच करावं. जाड काचेच्या चार लहान बाटल्यांत थोडं वरणाचं पाणी घ्या, तोंडाला कापसाचा बोळा लावा, कुकरमध्ये अर्धा तास वाफवा आणि कुकर आपोआप निवू द्या. एक बाटली झाडताना वर्गात, एक मैदानात, एक बंद खोलीत दहा-दहा मिनिटं उघडी ठेवून पुन्हा बोळा लावा. चौथी उघडूच नका. रोज बाहेरूनच निरीक्षण करून वहीत नोंद करायची, बोळा काढायचा नाही, वास घ्यायचा नाही. शेवटी बाटल्या न उघडता पुन्हा कुकरमध्ये वाफवून मगच रिकाम्या करा. यात जिवाणू आणि बुरशी कळते, विषाणू कळत नाही, हे मुलांना नक्की सांगा. चौथी बाटलीही नासली, तर निराश होऊ नका. पूशे यांच्या गवताची गोष्ट सांगा आणि कारण मुलांनाच शोधू द्या.