बातमीला कसोटी लावणारा संपादक

अग्रलेख हा मताचा प्रांत आणि बातमी हा वस्तुस्थितीचा, हा भेद वृत्तपत्रसृष्टीने तत्त्वतः केव्हाच मान्य केला आहे. व्यवहारात मात्र ही सीमारेषा पुसट होत चालल्याची तक्रार आज जगभर ऐकू येते. या तक्रारीचे नेमके स्वरूप समजून घ्यायचे तर वॉल्टर लिपमन या अमेरिकन पत्रकाराचे चरित्र उद्बोधक ठरावे. वस्तुनिष्ठ वार्तांकनाच्या कल्पनेला त्यांनी शास्त्रीय बैठक दिली आणि तिचा एक गंभीर भंगही त्यांच्याच लेखणीतून झाला.

लिपमन यांचा जन्म २३ सप्टेंबर १८८९ रोजी न्यूयॉर्कमधील एका सधन ज्यू कुटुंबात झाला. हार्वर्ड विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे अध्ययन करून ते पत्रकारितेत शिरले. १९१४ मध्ये ‘न्यू रिपब्लिक’ हे साप्ताहिक निघाले, तेव्हा त्याच्या संस्थापक संपादकांत पंचविशीतले लिपमन होते. पहिल्या महायुद्धात त्यांनी सरकारी सेवा पत्करली. अध्यक्ष विल्सन यांच्या सुप्रसिद्ध चौदा कलमांच्या तयारीत त्यांचा सहभाग होता. १९१८ मध्ये फ्रान्सला जाऊन लष्करी अधिकारी या नात्याने त्यांनी शत्रुसैनिकांसाठी प्रचारपत्रके लिहिली. लोकमत कसे घडविले जाते, हे त्यांनी असे आतून पाहिले होते.

युद्धानंतर त्यांनी हाती घेतलेले काम वृत्तपत्रांच्या इतिहासात अपूर्व होते. चार्ल्स मर्झ या सहकाऱ्यासह त्यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे मार्च १९१७ ते मार्च १९२० या काळातील हजाराहून अधिक अंक तपासले. विषय होता रशियन क्रांतीच्या बातम्या. क्रांती इष्ट की अनिष्ट, या वादात ते शिरले नाहीत. ज्या घटनांविषयी कोणाचेही दुमत नव्हते, तेवढ्याच त्यांनी कसोटीसाठी घेतल्या. रशियाने जर्मनीशी स्वतंत्र तह केला आणि बोल्शेव्हिकांची सत्ता टिकून राहिली, ही त्यांपैकी दोन उदाहरणे. या घटनांची चाहूल त्या बातम्यांवरून वाचकाला लागली असती काय, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

४ ऑगस्ट १९२० रोजी प्रसिद्ध झालेल्या या पाहणीचे निष्कर्ष धक्कादायक होते. बोल्शेव्हिक राजवट कोसळली किंवा कोसळण्याच्या बेतात आहे, असे त्या प्रतिष्ठित दैनिकाने दोन वर्षांत ९१ वेळा छापले होते. प्रत्यक्षात ती राजवट कायम होती. लिपमन यांनी यात कोणाचे कारस्थान शोधले नाही. बातमीदार व संपादक यांच्या मनातील आशा आणि भीती यांनीच बातमीची जागा घेतली होती, असे त्यांचे निदान होते. उपायही त्यांनी त्याच दिशेने सुचविला. माणूस मतशून्य होऊ शकत नाही. म्हणून वस्तुनिष्ठता माणसाच्या स्वभावात न शोधता त्याच्या कार्यपद्धतीत आणली पाहिजे. बातमीचा उगम सांगावा, पुरावा पडताळावा आणि या शिस्तीचे रीतसर शिक्षण पत्रकाराला मिळावे, असा त्यांचा आग्रह होता.

१९२२ मधील ‘पब्लिक ओपिनियन’ या ग्रंथात त्यांनी हा विचार पुढे नेला. ठरीव कल्पनांच्या साच्यासाठी त्यांनी छापखान्यातील ‘स्टिरिओटाइप’ हा शब्द योजला आणि तो जगभर रूढ झाला. वृत्तपत्राच्या अर्थकारणाचेही त्यांनी मार्मिक विवेचन केले. सत्य मिळावे अशी वाचकाची अपेक्षा असते, पण त्याची पूर्ण किंमत तो देत नाही. उरलेला खर्च जाहिरातदार उचलतो आणि साहजिकच वाचकाला दुखवणे वृत्तपत्राला परवडेनासे होते.

पुढे १९३१ पासून १९६७ पर्यंत ‘टुडे अँड टुमारो’ या स्तंभातून त्यांनी अमेरिकन लोकमतावर विलक्षण प्रभाव गाजविला. पण सत्ताधाऱ्यांशी जवळीक वाढली, तशी कसोटी सैल झाली. फेब्रुवारी १९४२ मध्ये, पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर, कॅलिफोर्नियातील अधिकाऱ्यांकडून ऐकलेल्या धोक्याच्या गोष्टी त्यांनी ग्राह्य धरल्या. किनारपट्टीवर घातपात झालेला नाही, हीच मोठ्या घातपाताच्या तयारीची खूण आहे, असा तर्क त्यांनी मांडला. पुराव्याचा अभाव हाच पुरावा ठरला! आठवड्याभरातच अध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश काढला. जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना छावण्यांत डांबण्यात आले. त्यांतील बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते. त्या आदेशामागे इतरही अनेकांचा दबाव होता. तथापि लिपमन यांच्या शब्दाचे वजन त्या बाजूला पडले, हे खरे. १९८८ मध्ये अमेरिकन सरकारने या अन्यायाबद्दल क्षमा मागितली. ते ऐकण्यास लिपमन नव्हते. तत्पूर्वी व्हिएतनाम युद्धाला उघड विरोध करून त्यांनी अध्यक्ष जॉन्सन यांचा रोष पत्करला होता. १४ डिसेंबर १९७४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात परिस्थिती पालटली आहे. वादग्रस्त प्रश्नांच्या दोन्ही बाजू मांडण्याचे अमेरिकन नभोवाणी व दूरचित्रवाणीवरील बंधन १९८७ मध्ये उठले. २०२० च्या निवडणुकीत मतदानयंत्रांद्वारे गैरप्रकार झाल्याचे निराधार दावे ‘फॉक्स न्यूज’ने प्रसृत केले. त्या वाहिनीतील काही प्रमुख मंडळींचा खासगीत या दाव्यांवर विश्वास नव्हता, हे खटल्यातील कागदपत्रांवरून उघड झाले. २०२३ मध्ये तडजोड म्हणून वाहिनीला ७८.७५ कोटी डॉलर मोजावे लागले.

या दोन उदाहरणांतील फरक महत्त्वाचा आहे. १९२० मध्ये संपादक स्वतःच्या इच्छेने फसले होते. एका शतकानंतर प्रेक्षकाची इच्छा हाच विक्रीचा माल झाला. मत स्वस्तात तयार होते. पडताळणीला मात्र माणसे, वेळ आणि पैसा लागतो. म्हणून केवळ निःपक्षपातीपणाचे धडे देऊन हा ऱ्हास थांबणार नाही. पडताळणीचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न अखेर वाचकाच्याच दाराशी येतो. मनाजोगती बातमी हातात पडली की तिचा पुरावा अधिक कसून मागावा, हा लिपमन यांच्या विद्वत्तेतून आणि स्खलनातून सारखाच मिळणारा धडा आहे. तो न गिरवणारा समाज मतदान करीत राहील. पण ते कशाच्या आधारावर, हे त्याला सांगता येणार नाही.