काळा घोड्याला जाल, तेव्हा जिमखान्याच्या कुंपणापाशीही थांबा

डिसेंबर उजाडला की मुंबईत आपल्या माणसांची गर्दी होते. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन करून, शिवाजी पार्कातल्या स्टॉलवरून पुस्तकांच्या पिशव्या भरून बाहेरगावची मंडळी परत जातात. मुंबईत राहणाऱ्या आपल्या तरुणांचा हिवाळा मात्र तिथून पुढे रंगतो. घाम न येणारे दोन-अडीच महिनेच काय ते या शहराला मिळतात. नाटकं, चित्रपट महोत्सव, चित्रांची प्रदर्शनं, शाळांच्या हॅरिस आणि गाइल्स शिल्डचे सामने, आझाद मैदानावर एकमेकांत घुसलेल्या दहा-दहा खेळपट्ट्या, सगळं याच दिवसांत. फेब्रुवारीच्या आसपास काळा घोड्याचा कला महोत्सव भरतो आणि आपण सगळे तिथे फोटो काढायला जातो. आम्हीही जातो.

त्या महोत्सवातून बाहेर पडून महात्मा गांधी रस्त्याने हुतात्मा चौक ओलांडला की पंधरा मिनिटांत बॉम्बे जिमखाना लागतो. समोर फॅशन स्ट्रीटची दुकानं, मागे आझाद मैदान. डिसेंबर १९३३ मध्ये भारतातला पहिला कसोटी सामना इथे झाला, हे क्रिकेटवेड्यांना ठाऊक असतं. त्याच्याही सत्तावीस वर्षं आधी, फेब्रुवारी १९०६ मध्ये, याच मैदानावर एका अस्पृश्य गोलंदाजाने गोऱ्या साहेबांचा संघ उखडून टाकला. त्यांचं नाव बाळू पालवणकर. आपल्या सभांमध्ये, जयंतीच्या बॅनरवर, अभ्यासवर्गात हे नाव फारसं ऐकू येत नाही. त्याला कारण आहे आणि ते आम्ही पुढे सांगणारच आहोत. आधी माणूस समजून घेऊ.

पालवणकर हे आडनाव कोकणातल्या पालवण गावावरून आलेलं. घर चर्मकार समाजाचं. बाळूंचा जन्म १८७६ च्या सुमारास धारवाडला झाला. वडील पुण्यात लष्कराच्या नोकरीत होते. बाबासाहेबांच्या घराची गोष्ट ज्यांना माहीत आहे, त्यांना यातला धागा लगेच दिसेल: त्या काळी अस्पृश्यांच्या पोरांना गावगाड्याबाहेरचं जग दाखवणारा रस्ता बहुतेक वेळा छावणीतूनच जायचा. बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम यांना तिथे अधिकाऱ्यांनी टाकून दिलेलं क्रिकेटचं सामान मिळालं आणि ते खेळू लागले.

पहिली नोकरी पुण्यातल्या पारशांच्या एका क्लबात. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा आणि मधूनअधून सभासदांना चेंडू टाकायचे. पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तिथे ४ रुपये मिळत. जाळी लावायची, पट्टी आखायची, ही कामं चालूच होती. एका साहेबाने त्यांना सरावाला गोलंदाजी करायला सांगितलं आणि या डावखुऱ्या पोराच्या बोटांत काय आहे ते सगळ्यांना कळलं. कॅप्टन ग्रेग हा त्या काळचा मोठा फलंदाज. तो इतरांच्या आधी मैदानावर येई आणि तासन् तास बाळूंच्या चेंडूंवर सराव करी. बाळूंनी आपल्याला बाद केलं की तो दर वेळी आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. आठ आण्यांचं खरंखोटं सोडा. एक गोष्ट बाळूंनी पुढे आपल्या मुलाला सांगितली होती: इतके शेकडो तास गोलंदाजी करूनही त्या क्लबात त्यांना एकदाही बॅट हातात मिळाली नाही. फलंदाजी साहेबांची आणि चेंडू टाकण्याची मेहनत चाकराची.

इथे जरा थांबून एका चित्रपटाबद्दल बोलायला हवं. २००१ चा ‘लगान’ आपण सगळ्यांनी पाहिला आहे. त्यातला कचरा नावाचा अस्पृश्य गोलंदाज बाळूंवरून सुचला असावा, असं बरेच जण म्हणतात. असेलही. पण त्या कचऱ्याचा चेंडू वळतो तो त्याचा हात अधू आहे म्हणून. त्याची कला त्याची नसते, ती शरीरातल्या व्यंगाची देणगी असते आणि ती ओळखून त्याला संघात घेणारा नायक दुसराच कुणीतरी असतो. बाळूंचा हात धडधाकट होता. उंची, वेग, फिरक, टप्पा यांतला फरक त्यांनी वर्षानुवर्षं रोज राबून शिकला होता. आपल्या माणसाची मेहनत पडद्यावर येताना अपघात होऊन येते, हे आम्हाला खटकतं. बाळूंवर स्वतंत्र हिंदी चित्रपट निघणार असल्याच्या बातम्या काही वर्षं येत आहेत. तो आला तर आधी हेच पाहू.

पुण्यातल्या हिंदूंच्या संघाला युरोपियनांना हरवायचं होतं. साहेबांना रोज त्रिफळाचीत करणारा गोलंदाज शहरातच होता, पण तो अस्पृश्य. संघात वाद झाला. तेलुगू खेळाडू बाळूंना घ्या म्हणत होते, मराठी ब्राह्मण खेळाडू नको म्हणत होते. शेवटी जिंकण्याची गरज भारी पडली आणि बाळू संघात आले. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावत. चहाची वेळ झाली की बाकीचे आत पॅव्हिलियनमध्ये बसत आणि बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात चहा मिळे, वापरून फेकून देण्याच्या. जेवायला वेगळं ताट, वेगळं टेबल. हात धुवायला पाणी द्यायलाही अस्पृश्य नोकरच. त्यांनी घेतलेले बळी मात्र संघाच्या खात्यात जमा होत, त्यांचा विटाळ होत नसे.

१८९६ च्या प्लेगच्या काळात हे घर मुंबईला आलं. बाळूंना बॉम्बे बरोडा रेल्वेत नोकरी लागली आणि ते तिच्या संघाकडून खेळू लागले. मरीन लाइन्सच्या समुद्राकाठच्या हिंदू जिमखान्यात त्यांना घेण्यावरूनही कुरबुर झाली, कीर्तिकर नावाचे कर्णधार त्यांच्या बाजूने उभे राहिले. मुंबईत एक फरक पडला. इथल्या जिमखान्यात बाळू आणि शिवराम इतरांबरोबर बसून जेवू लागले. इंडियन सोशल रिफॉर्मर या सुधारकी पत्राने त्याची खास दखल घेतली.

आणि मग फेब्रुवारी १९०६. बॉम्बे जिमखान्याचं सभासदत्व तेव्हा फक्त युरोपियनांना होतं. एतद्देशीयांना आत येता येई ते खेळायला किंवा वाढायला. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ केल्या, युरोपियनांनी १९१. दुसऱ्या डावात हिंदू १६० वर संपले. युरोपियनांना जिंकायला २१२ हवे होते, ते १०२ वर आटोपले. १०९ धावांनी विजय. बाळूंनी पहिल्या डावात ३ आणि दुसऱ्यात ५ असे ८ बळी घेतले. बंगालच्या फाळणीवरून स्वदेशीचं वारं तापलेलं होतं, त्यामुळे या विजयाचा देशभर गाजावाजा झाला. कुंपणापाशी उभं राहून आम्ही हे आकडे एकमेकांना सांगतो, तेव्हा आतल्या हिरवळीकडे बघण्याची नजर थोडी बदलते.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. बाळू आणि शिवराम दोघेही त्यात होते. बाळूंचं वय तेव्हा पस्तिशीचं. संघ बहुतेक सामने हरला, बाळूंनी एकट्याने दौऱ्यात ११४ बळी घेतले. परतल्यावर मुंबईतल्या अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी नोंदवलं आहे की त्या समारंभातलं मानपत्र भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाने लिहून वाचलं. बाबासाहेब तेव्हा वीस वर्षांचे, एल्फिन्स्टन कॉलेजचे विद्यार्थी. एवढा मोठा पराक्रम केलेला आपल्यातला माणूस त्यांच्यासमोर तेव्हा दुसरा कोण होता?

देशातला सर्वांत चांगला गोलंदाज, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद बाळूंना कधी मिळालं नाही. दर वर्षी नाव निघे, दर वर्षी दुसऱ्याला पद मिळे. १९१३ मध्ये कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनी आपल्या सत्कारातच कबूल केलं की हा मान अनुभवाने बाळूंचा होता. पै सारस्वत ब्राह्मण होते. कबूल करायला धैर्य लागतं हे मान्य, पद त्यांच्याकडेच राहिलं हेही खरं.

१९२० हे वर्ष आपल्याला दुसऱ्या कारणांनी पाठ आहे. ३१ जानेवारीला मूकनायक निघालं, मार्चमध्ये माणगाव परिषद झाली, मग बाबासाहेब शिक्षण पुरं करायला लंडनला गेले. त्याच वर्षीच्या चौरंगी स्पर्धेत मुसलमानांच्या संघाविरुद्धच्या सामन्यातून बाळूंना वगळण्यात आलं. पै आजारी होते. त्यांच्या जागी कर्णधार म्हणून पुण्याचे डी. बी. देवधर यांना नेमलं. संघात शिवराम होते, सर्वांत धाकटे विठ्ठल होते, दोघेही अनुभवी. दोघांनी संघातून अंग काढून घेतलं आणि कारण जातीचं आहे हे वर्तमानपत्रातून उघड सांगितलं. त्या काळी खेळाडूने असं करणं म्हणजे स्वतःच्या पोटावर पाय. लोकमत त्यांच्या बाजूने फिरलं. पारशांविरुद्धच्या पुढच्या सामन्यात भाऊ परतले, बाळूंना उपकर्णधार केलं गेलं आणि पै काही वेळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले, म्हणजे तेवढा वेळ तरी बाळूंना संघ चालवता यावा. पंचेचाळिशीच्या आसपासच्या माणसाच्या वाट्याला आलेलं हे एवढंच कर्णधारपद.

१९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंनी युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली. सवर्ण प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर उचलून घेतलं. त्यानंतर चारच वर्षांनी, मार्च १९२७ मध्ये, महाडला तळ्याचं पाणी प्यायल्याबद्दल आपल्या माणसांची डोकी फुटली. ही दोन्ही दृश्यं एकाच इलाख्यातली आहेत. दोन्ही खरी आहेत.

आम्हाला वाटतं, बाळूंनी पहिलं दृश्य जवळून पाहिलं आणि त्यावर भरवसा ठेवला. गुणाने दार उघडतं, चांगले सवर्ण मदतीला येतात, सबुरीने सगळं होईल, असा तो भरवसा. १९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर ते बाबासाहेबांच्या विरोधात, एम. सी. राजांच्या बाजूला होते. पुणे कराराखाली त्यांचीही सही आहे. पुढच्या वर्षी हिंदू महासभेकडून मुंबई पालिकेची निवडणूक लढवली, हरले. येवल्याच्या घोषणेनंतर धर्मांतरालाही त्यांनी विरोध केला. आणि १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत मुंबईत बाबासाहेबांसमोर काँग्रेसने उभा केलेला उमेदवार होता बाळू पालवणकर. बाबासाहेबांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. फरक २,०२० मतांचा.

आपल्या बॅनरवर बाळूंचं नाव का नाही, त्याचं कारण हे. ज्यांच्यासाठी मानपत्र वाचलं, त्यांच्याच विरुद्ध सव्वीस वर्षांनी प्रचार करावा लागला, तेव्हा बाबासाहेबांना काय वाटलं असेल याचा अंदाज करण्याचं धाडस आम्ही करत नाही. काँग्रेसने काय केलं ते मात्र स्पष्ट आहे: अस्पृश्यांच्या सर्वांत मोठ्या नेत्यासमोर अस्पृश्यांचाच सर्वांत लोकप्रिय माणूस उभा केला. ही खेळी आजही प्रत्येक राखीव मतदारसंघात आपण बघतो.

बाळू राजकारणात चुकले, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यांचं स्वतःचं आयुष्यच त्यांच्या भरवशाविरुद्ध साक्ष देत होतं. प्रथम श्रेणीचे ३३ सामने, १५.२१ च्या सरासरीने १७९ बळी, आणि कर्णधारपद काही वेळाचं. पण ते चुकले म्हणून ती मातीची भांडी, ते ३ रुपये, तो रोलर आणि ते ११४ बळी दुसऱ्या कुणाला देऊन टाकायचे का? आमच्यातले काही जण अजूनही म्हणतात, द्या, ज्यांच्या बाजूने ते उभे राहिले त्यांना द्या. या वादात आमचा एक हिवाळा सरळ गेला आहे. ज्यांच्या बाजूने ते उभे राहिले, त्यांनी तरी त्यांना कुठे ठेवलं? देवधरांच्या नावाने १९७३ मध्ये करंडक सुरू झाला, आणि देवधर मोठे फलंदाज होते यात वाद नाही. बाळूंच्या नावाने क्रिकेट मंडळाचा एकही करंडक नाही. आणि आपल्या जातीजातींतला दुरावाही यात आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. बाळू महार असते तर आपण त्यांच्याशी भांडत का होईना, बोलत राहिलो असतो.

४ जुलै १९५५ रोजी बाळू मुंबईत वारले. त्यानंतर पंधरा महिन्यांनी नागपूरला दीक्षा झाली.

विठ्ठल पालवणकरांनी १९४८ मध्ये ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र लिहिलं. या चार भावांची मराठीतली ही हकिगत आज दुकानात मागितली तर मिळत नाही. कुणाच्या आजोबांच्या पेटीत, गावच्या वाचनालयात जुनी प्रत पडलेली असेल, तर ती घेऊन या. येत्या फेब्रुवारीत काळा घोडा बघून झाला की आम्ही जिमखान्याच्या कुंपणाबाहेर, आझाद मैदानाच्या बाजूला बसणार आहोत. ऊन तेव्हा बसण्यासारखं असतं. तिथेच वाचू. जय भीम.