टू-स्ट्रोकचा जादूगार : वाल्टर काडेन

भाईंदर पश्चिमेला खाडीकडच्या रस्त्यावर अजूनही एखादी जुनी आर.एक्स. १०० सुसाट जाते आणि सगळ्यांच्या माना वळतात. कुणी हौसेने तिला रेसिंगचा पाइप बसवला असेल, तर तो भक्ष्य गिळलेल्या अजगरासारखा मध्येच फुगलेला दिसतो. हे फुगलेलं पोट ज्यांनी शास्त्र म्हणून अभ्यासलं, त्या माणसाची ही गोष्ट!

वाल्टर काडेन यांचा जन्म १९१९ साली जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात झाला. केमनिट्झला शिक्षण झाल्यावर युद्धाच्या काळात त्यांनी हेन्शेल विमान कंपनीत रेडिओने चालणाऱ्या बॉम्बवर काम केलं. युद्धानंतर काही काळ चक्क लाकडाचा धंदा केला! मग १९५३ साली पूर्व जर्मनीतल्या झ्शोपाउ गावच्या कारखान्यात, म्हणजे पुढच्या एम.झेड. मध्ये, रेसिंग विभाग त्यांच्याकडे आला. पैसा कमी, पण डोकं भरपूर.

टू-स्ट्रोकला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नसतो, त्यामुळे धुराबरोबर ताजं मिश्रणही निसटतं. यावर पाइपचाच उपयोग करता येतो. धुराची लाट पाइपच्या रुंद होणाऱ्या भागात पोचली की सिलेंडर ओढून रिकामा होतो, आणि अरुंद होणाऱ्या टोकावर आपटून ती परत येते तेव्हा निसटलेलं मिश्रण पुन्हा आत ढकलते. फुगलेला पाइप काडेन यांच्या आधीही होता, पण त्यांनी तो ऑसिलोस्कोप लावून तपासला. आपण ज्या सी.आर.ओ. वर साइन वेव्ह बघून फाइल पूर्ण करतो, तोच! १९६१ मध्ये त्यांचं १२५ सी.सी. चं इंजिन २५ हॉर्सपॉवर, म्हणजे लिटरला २००, देत होतं.

पण त्याच वर्षी घात झाला. स्वीडनच्या शर्यतीनंतर त्यांचा रायडर अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळून गेला आणि ही सगळी विद्या सुझुकीकडे पोचली. १९६२ मध्ये सुझुकीने ५० सी.सी. चं जागतिक विजेतेपद जिंकलं. एम.झेड. ला ते कधीच मिळालं नाही. काडेन मात्र आपल्या कारखान्यातच राहिले.

आता खरी गंमत. पाइपची लांबी ठरलेली, म्हणून लाट फक्त ठराविक आर.पी.एम. लाच वेळेवर परत येते. त्याच्या खाली इंजिन झोपलेलं, आणि तिथे पोचलं की एकदम उसळी! सरळ रेसट्रॅकवर हे चालतं, चिखलात मात्र मागचं चाक जागच्या जागी फिरतं आणि रायडर आडवा. म्हणून डर्ट बाइकला ही पॉवर माणसाळवावी लागते. पाइप लांब करा, एक्झॉस्ट पोर्टची उंची कमी ठेवा, फ्लायव्हील जड करा, मागचं स्प्रॉकेट मोठं लावा. टोकाची पॉवर थोडी जाते, पण थ्रॉटल हातात राहतो. एम.झेड. च्याच मोटारसायकलींवर पूर्व जर्मनीने १९६३ ते १९६७ अशी सलग पाच वर्षं सहा दिवसांची आंतरराष्ट्रीय ऑफ-रोड स्पर्धा जिंकली. पुढे जपानी कंपन्यांनी इंजिनच्या वेगाप्रमाणे पोर्टची उंची बदलणारा पॉवर व्हॉल्व्ह आणला आणि दोन्ही गोष्टी बऱ्याच जमल्या.

१९७५ पासून २००१ पर्यंत ५०० सी.सी. चं प्रत्येक विजेतेपद टू-स्ट्रोकनेच जिंकलं. काडेन १९९६ साली गेले. त्यांच्या नावावर जागतिक विजेतेपद नाही, पण त्या सगळ्या गाड्यांच्या पोटाखाली त्यांचाच पाइप होता.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी गॅरेजमध्ये कुणी फक्त पॉवर वाढवून द्या म्हटलं, तर एवढंच विचारा : ती कुठल्या आर.पी.एम. ला हवी, आणि चालवणार कुठे?

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल