नागपूरचे चोळकर परतले, सोलापूरचे कोटणीस मात्र चीनमध्येच राहिले

डॉ. कोटणीस म्हटलं की व्ही. शांताराम यांचा १९४६ चा सिनेमा आठवतो, नाहीतर भारत-चीन मैत्रीची भाषणं. पण औषधं संपलेली, डॉक्टर बोटांवर मोजण्याइतके आणि शत्रू जवळ, अशा डोंगराळ भागात दवाखाना चालवायचा कसा? कोटणीसांनी तेच करून दाखवलं.

द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१० चा, सोलापूरचा. मुंबईच्या जी. एस. मेडिकलमधून ते डॉक्टर झाले. १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठा हल्ला केला. चीनचे सेनानी जू दे यांनी नेहरूंकडे मदत मागितली आणि सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून पाच डॉक्टर बोटीने निघाले. अटल, बसू, मुखर्जी, कोटणीस आणि आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर. (हे नाव आज नागपुरात तरी किती जणांना माहीत असेल, शंकाच आहे.)

चोळकर आणि मुखर्जी १९३९ मध्ये परतले. पुढे अटलही आजारी पडून परतले. वडील गेल्याची बातमी कोटणीसांना चीनमध्येच कळली, तरी ते थांबले आणि उत्तर चीनच्या आघाडीवर गेले.

तिथे जपान्यांनी नाकेबंदी केली होती, त्यामुळे औषधं पोहोचतच नव्हती. कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथ्यून यांनी तिथे एक पद्धत बसवली होती. जखमींना लांबच्या दवाखान्यात न्यायचं नाही, खेचरांवर सामान लादून ऑपरेशनची सोयच लढाईजवळ न्यायची. ऑपरेशन करताना बोट कापलं, विष भिनलं आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये बेथ्यून गेले. पुढे कोटणीसांनी तीच वाट धरली. १९४० च्या एका लढाईत ते ७२ तास जवळजवळ न झोपता ऑपरेशन करत होते, असं सांगतात. १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावाच्या हॉस्पिटलचे ते पहिले संचालक झाले.

आम्हाला मात्र त्या ७२ तासांपेक्षा दुसरी गोष्ट मोठी वाटते. एकटा डॉक्टर किती जणांना पुरणार? म्हणून कोटणीस चिनी शिकले, त्याच भाषेत तिथल्या तरुणांना शिकवू लागले आणि त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेचं पुस्तकही लिहिलं.

तिथल्याच नर्सिंग शिक्षिका ग्वो चिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला, नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

तोवर कोटणीसांना फिट येऊ लागल्या होत्या. उपचारांसाठी बाहेर जा, असं वरिष्ठांनी सांगूनही ते गेले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ ला त्यांचा मृत्यू झाला. वय अवघं ३२. मुलगा चार महिन्यांचाही नव्हता आणि शस्त्रक्रियेवरचं दुसरं पुस्तक अर्धवट लिहून पडलं होतं.